ग्रुप: नाना ८० – मेळघाट

मोठी वहिनी (पुणे): बाळूभाऊजी, नानांच्या ऐंशीसाठी घेतलेल्या वनबंगल्याच्या बुकिंगचा कागद आत्ता नीट वाचला. वीज सोलरवर, तीही संध्याकाळी काही तास. मोबाइलला रेंज नाही. जेवणाचा शिधा आपणच न्यायचा. हे मला आधी कुणी सांगितलं होतं का? ऐंशी वर्षांच्या माणसाला घेऊन आपण नक्की कुठे चाललोय?

मोठी वहिनी (पुणे): आणि पाडव्याच्या आधीचा आठवडा. विदर्भातलं ऊन!

बाळूदादा (अमरावती): वहिनी, दिवाळीत सगळे बसलो होतो तेव्हा सविस्तर बोललो होतो. तुम्ही आत होतात.

मोठी वहिनी (पुणे): हो, मी आतच असते. बाहेर काय ठरतं ते मला कागदावर कळतं.

मोठा दादा (पुणे): 👍

मोठी वहिनी (पुणे): तुम्ही अंगठा कशाला दाखवताय?

विजूभाऊजी: ओळखपत्राची प्रत, पूर्ण नाव आणि वय पाठवा. नाक्यावर यादी द्यावी लागते. अजून चौघांचं आलेलं नाही.

पिंट्या (परतवाडा): वहिनी, रेंज नाई हे तं चांगलं हाय. ऊन दिवसा राह्यते, रात्री चादर लागते तुमाले. मी इथंच राह्यतो, मले माहीत हाय.

मोठी वहिनी (पुणे): पिंटूभाऊजी, तुमची सवय वेगळी. माझं म्हणणं इतकंच की चिखलदऱ्याला चांगलं हॉटेल घेऊ, तिथून एक दिवस नानांना बंगला दाखवून आणू. बघणं झालं, सोयही झाली.

बाळूदादा (अमरावती): बघायला जायचं नाहीये वहिनी. राहायला जायचंय. नाना वनखात्यात नोकरीला लागले ते त्या बंगल्याच्या राउंडवर, म्हणजे त्या भागातल्या जंगलाच्या राखणीवर.

माईआत्या: शुभ दुपार. (फुलांचा फोटो)

माईआत्या: मी तर मे महिन्याच्या सुटीत त्याच बंगल्याशेजारच्या क्वार्टरमध्ये राहिले आहे. काय दिवस होते! रात्री अस्वल मोहाखाली यायचं, त्याचा आवाज आम्ही खिडकीतून ऐकायचो. मोठ्याला तिथेच हिवताप भरला होता, तुमच्या आईनं त्याला बैलगाडीतून नेलं होतं. अंगाची नुसती भट्टी झाली होती पोराच्या.

मोठी वहिनी (पुणे): बघा. आत्याच सांगताहेत.

माईआत्या: अगं मला तसं म्हणायचं नव्हतं. चांगली आठवण म्हणून सांगितलं.

पिंट्या (परतवाडा): आई, तू थोडं थांब न.

ओम: आजोबा, कॅम्पफायर करायची ना? मी मोठा ब्लूटूथ स्पीकर आणतोय, चार्ज करून.

विजूभाऊजी: ओळखपत्राची प्रत, पूर्ण नाव आणि वय. चौघे बाकी.

बाळूदादा (अमरावती): भाऊजी, संध्याकाळपर्यंत देतात सगळे. दर दहा मिनिटांनी नका टाकू.

विजूभाऊजी: मला काय हौस आहे? तारकर्लीला ऐनवेळी कोण धावलं होतं झेरॉक्स शोधत? आणि विषय निघालाच आहे तर, तारकर्लीचा हिशोबही अजून पूर्ण झालेला नाही.

मोठी वहिनी (पुणे): आमचे पैसे त्याच आठवड्यात दिले होते. तपासून बघा.

मुक्ता: इथे नको ना प्लीज. नाना वाचतात हा ग्रुप.

नाना: वाचतोय. माझ्यासाठी कुणाची अडचण होत असेल तर जाऊ नये. घरीच सत्यनारायण करू. मला काही फरक पडत नाही.

मुक्ता: झालं.

मोठी वहिनी (पुणे): नाना, तसं नाही हो. माझं जंगलाशी भांडण नाही. तुम्हाला रात्री दोनदा उठावं लागतं, बीपीच्या गोळ्या आहेत, गुडघा आहे. तिथे काही झालं तर मी फोन कुणाला लावू? एवढंच विचारते आहे, आणि मला कुणी उत्तर देत नाहीये.

पिंट्या (परतवाडा): मामा असं नका म्हनू. काहून सत्यनारायण? आमी सारे तयारीत हाओ.

बाळूदादा (अमरावती): नाना, बंगल्याचं तुम्हीच सांगा सगळ्यांना. आमच्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं पटेल.

नाना: सांगतो. लांब होईल, पण वाचा.

नाना: वनखातं सुरू झालं १८६४ साली, पहिला इन्स्पेक्टर जनरल ब्रँडिस. आपला वऱ्हाड त्याच्या आधीच, १८५३ च्या करारानं, निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलेला. त्यांना मेळघाटातला साग हवा होता. साग मोजायचा, तोडायचा, वाहून न्यायचा तर साहेबाला जंगलात फिरावं लागे. तो घोड्यावरून दौरा करी, म्हणून एका दिवसाच्या मजलेवर एकेक बंगला. सातपुड्यात सगळीकडे हेच चित्र दिसेल. पचमढीचा बायसन लॉज तर १८६२ चा, खातं सुरू व्हायच्याही आधीचा. तेव्हा हे घर मौजेसाठी बांधलेलंच नाही. दिवसभर चालून आलेल्या माणसानं पाठ टेकायची, दिव्याखाली डायरी लिहायची आणि पहाटे निघायचं, एवढ्यासाठी बांधलंय. त्याच्याकडून तेवढंच मागावं.

नाना: आता ऊन. सूनबाई, भिंती हातभर जाड आहेत. चारी बाजूंना व्हरांडा, त्यामुळे खोलीच्या भिंतीला ऊन लागतच नाही. छत उंच, वर कौलं, आणि कौलांच्या खाली झरोके, ते खालून दोरीनं उघडतात. तापलेली हवा वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते. नियम एकच, सकाळी ऊन चढायच्या आत दारं-खिडक्या मिटायच्या आणि दिवस कलला की सगळं सताड उघडायचं. लोक येतात, भर दुपारी खिडक्या उघडून बसतात आणि घराला नावं ठेवतात. आम्ही एप्रिल-मे त्याच घरात फायली लिहून काढलेत.

नाना: स्वयंपाकघर बंगल्यापासून वेगळं आहे, मधे थोडं अंतर. ठिणगी उडाली तर घर वाचावं म्हणून. खाण्याचा वास बंगल्यात राहत नाही हाही फायदा, कारण वासावर माकडं येतात आणि अस्वलही येतं. म्हणून खोलीत खायचं काही ठेवायचं नाही. बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. रात्री स्वयंपाकघर ते बंगला एकट्यानं जायचं नाही, कंदील नाहीतर बॅटरी घेऊन दोघांनी, बोलत बोलत. वाघाची धास्ती सगळ्यांना असते. आम्ही जपायचो अस्वलाला, कारण ते अंगावर येतं ते दचकून. माणसाचा आवाज आधी कानावर गेला की आपणहून वाट सोडतं. आणि आपण जातोय तो मोहाचा हंगाम.

मुक्ता: नाना, हे सगळं वहीत लिहून ठेवा ना.

पिंट्या (परतवाडा): मामा, अन् साहेबाच्या भुताचं? व्हरांड्यात बूट वाजते म्हनत.

नाना: कौलावरून उदमांजर पळतं त्याचा आवाज. पोरांना उगाच घाबरवू नको.

विजूभाऊजी: ओळखपत्राची प्रत, पूर्ण नाव आणि वय पाठवा. तिघे बाकी. मुक्ताचं मिळालं, धन्यवाद.

ओम: आजोबा, कॅम्पफायरचं राहिलं.

नाना: नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्याचा हंगाम. सागाचा पाला त्या दिवसांत पापडासारखा वाळलेला असतो. वनरक्षक महिना-महिना जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक पट्टा आधीच जाळून साफ करतात, की वणवा आला तर तिथे अडावा. एका राउंडवर आम्ही रात्रभर झाडाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत होतो. सकाळी जाळरेषेच्या अलीकडे हिरवं आणि पलीकडे काळं. घरटी, पिल्लं, सगळं गेलेलं. लोक तिथल्या कोरकू आदिवासींना दोष देतात की फुलं वेचायला मोहाखालचा पाला जाळतात म्हणून आग लागते. लागतेही तशी. पण रस्त्याच्या कडेला लागलेली आग बहुतेक वेळा कुणा गाडीवाल्याच्या विडीची असायची, हे मी स्वतः पाहिलंय. मी जाईन त्या बंगल्यासमोर शेकोटी पेटणार नाही.

नाना: स्पीकर पण नाही. रात्री तिथे किती आवाज असतात ते एकदा ऐक तरी. रातवा पक्षी ऐक, सांबराचा कॉल ऐक.

ओम: ओके आजोबा. सॉरी.

माईआत्या: पोरगं आहे, इतकं कडक नको रे बोलू. आपण भेंड्या खेळू व्हरांड्यात. हळू आवाजात.

बाळूदादा (अमरावती): एक अजून. सगळ्यांना वाटतंय वाघ दिसणारच. दाट जंगल, डोंगरउतार, वाघ दिसणं नशिबात असेल तर. नंतर माझ्यावर चिडू नका. १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट आहे, ते काही पर्यटकांना वाघ लवकर दिसतो म्हणून नाही.

नाना: बरोबर. २२ फेब्रुवारी १९७४ ला घोषणा झाली. त्याआधी आम्ही कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, पाडत होतो, तोडायच्या झाडावर खुणेचा हातोडा मारत होतो. नंतर त्याच हातांनी पाणवठे बांधले. मला विचाराल तर नोकरीतलं समाधान त्या दुसऱ्या कामाचं.

छोटी (डॉक्टर): ड्युटीवर होते, आत्ता सगळं वाचलं. आई, तुझी काळजी बरोबर आहे आणि नानांचंही बरोबर आहे. घाबरायचं कशाला आणि कशाला नाही ते वेगळं करूया.

छोटी (डॉक्टर): साप म्हणशील तर मण्यार. रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. बऱ्याचदा चावलेलं दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. त्यामुळे जमिनीवर गाद्या टाकून गप्पा मारत झोपायचं नाही, कितीही मजा वाटली तरी. सगळे पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. एवढ्यानं साप आणि डास दोन्ही टळतात. काही झालंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. हातपाय न हलवता थेट गाडीत.

छोटी (डॉक्टर): विंचू असतात, बूट झटकून घालायचे. विंचूदंशावर प्राझोसिन देतात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे जगभर माहीत झालेला उपचार. तो आपल्या मनानं नाही, डॉक्टरांच्या हातून. धारणी आणि अचलपूर, दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. मी निघायच्या आधी दोन्हीकडे बोलून सर्पदंशाची लस आहे का ते विचारते. परत आल्यावर महिनाभरात कुणाला थंडी वाजून ताप आला तर मेळघाटला जाऊन आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

माईआत्या: गुणी गं माझी बाय.

मोठी वहिनी (पुणे): हे मला कुणीतरी दुपारीच सांगायला हवं होतं. बरं, आता माझे प्रश्न. कमोड आहे का?

बाळूदादा (अमरावती): एका खोलीत आहे. ती नानांची.

मोठी वहिनी (पुणे): व्हरांड्याच्या पायऱ्यांना कठडा?

बाळूदादा (अमरावती): नाही. जोतं उंच आहे, पायऱ्या दगडी. आपल्याला तिथे काही ठोकता-बांधता येणार नाही, सरकारी आणि जुनी इमारत आहे.

मोठी वहिनी (पुणे): म्हणजे अंधार पडल्यावर नाना खाली उतरणार नाहीत. चालेल ना नाना?

नाना: चालेल. व्हरांड्यात आरामखुर्ची असली की मला उतरायचं कारण नाही.

मोठी वहिनी (पुणे): आणि रात्री त्यांच्या खोलीत हे झोपतील. अंगठा चालणार नाही, शब्दात लिहा.

मोठा दादा (पुणे): हो, मी झोपेन.

पिंट्या (परतवाडा): एक गाडी बंगल्याच्या दाराशीच लावू, तोंड बाहेरच्या रस्त्याकडं करून. चावी माझ्यापाशी. मी दोन्ही रात्री तिथंच राह्यतो. नाक्यावरच्या वनरक्षकाले पन सांगून ठेवतो, त्याच्यापाशी वायरलेस राह्यते. आता झालं न समाधान?

मोठी वहिनी (पुणे): झालं. हेच हवं होतं, कुणीतरी जबाबदारी घेतोय एवढं कळायला.

विजूभाऊजी: ओळखपत्राची प्रत, पूर्ण नाव आणि वय. दोघे बाकी. नावं घेत नाही.

बाळूदादा (अमरावती): एक माझंच आहे भाऊजी, पाठवतो.

नाना: शिध्याचं बघा. चौकीदार स्वयंपाक करून देतो पण सामान आपलं. हिशोबात त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं जेवण धरा, त्याला उरलेलं द्यायचं नाही. विहिरीचं पाणी भरून देतो, अंघोळीचं तापवून देतो, तेव्हा पोरांनी बादलीभरातच भागवायचं. आणि कचरा परत आणायचा. सगळा.

मुक्ता: कचऱ्याच्या पिशव्या माझ्याकडे. मच्छरदाण्या कोण आणतंय? तिथल्या फाटक्या असल्या तर?

माईआत्या: माझ्याकडे चार आहेत, धुऊन ठेवते.

पिंट्या (परतवाडा): शकुंतला रेल्वे चालू असती तं मामाले मूर्तिजापुरातून अचलपूरपर्यंत गाडीतच बसवून आनलं असतं.

नाना: दहा मैलांना एक तास लागायचा. ऐंशी पूर्ण व्हायची गाडीतच.

मोठी वहिनी (पुणे): शकुंतला राहू द्या आता. सगळ्यांनी दुपारी दोनच्या आत परतवाड्यात जमायचं. तिथे टाकी भरायची, रोख पैसे काढायचे, घरी फोन करून घ्यायचे. घाट आणि जंगलातला रस्ता उजेडात पार झाला पाहिजे. नानांच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, एक माझ्याकडे, एक छोटीकडे. कुणाला काही अडचण असेल तर आज रात्रीच सांगा, निघायच्या दिवशी नको.

बाळूदादा (अमरावती): ठरलं. दोन रात्री, बंगल्यावरच.

पिंट्या (परतवाडा): वहिनी, दुपारचं जेवन आमच्याकडं हाय त्या दिवशी. नाई म्हनू नका.

मोठी वहिनी (पुणे): बरं, पण एक वाजताच बसू जेवायला, म्हणजे दोनला निघता येईल.