कामगारांचा विश्वास माझ्याच चुकीने गेलाय, परत कसा मिळवू? (अंबड, नाशिक)

प्रेसशॉप_अंबड

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प असं जॉबवर्क. सात प्रेस, 31 माणसं. अप्पांनी 1994 मध्ये एका जुन्या पॉवर प्रेसवर सुरू केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी पुण्यातली नोकरी सोडून आले.

जूनमध्ये मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं. आमच्याकडे पगार 7 तारखेला होतो. 3 तारखेला सगळ्यात जुन्या सेटरकाकांनी (सेटर म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवून देणारा) विचारलं, "ताई, पगाराचं कसं?" मी म्हटलं, "काळजी करू नका, वेळेवर होईल." होणार नाही हे मला तेव्हाच दिसत होतं. बँकेशी बोलणं चालू होतं, वाटलं उगीच घबराट कशाला. पगार झाला 19 तारखेला. आणि त्याच आठवड्यात ऑफिसचा एसी आला. पैसे महिनाभर आधीच भरलेले होते, पण पहिल्या शिफ्टच्या माणसांनी पाहिलं ते गेटातून आत येणारं खोकं.

आता पगार वेळेवर आहे, ऑर्डरी आहेत. तरी दोन सेटर सिन्नरला गेले. बाकीचे सारखी उचल मागतात. मी काहीही सांगितलं की मान हलवतात, बघतात जमिनीकडे. काका 26 वर्षं आमच्याकडे आहेत. ते आता मला काही विचारतच नाहीत, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

पुस्तकांत उद्योजकाचे गुण वाचते: दूरदृष्टी, निर्णयक्षमता, संवादकौशल्य. पण उद्या सकाळी आठला शॉपमध्ये जाऊन मी नेमकं काय करू?

टूलरूम_निवृत्त

ताई, मी सातपूरला 34 वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातली 11 युनियनच्या कमिटीवर. साहेब बरेच पाहिले. इंग्रजी फर्डं बोलणारेही पाहिले.

एक साहेब मात्र अजून आठवतात. मंदी आली होती. शिफ्ट बदलताना ते मटेरियलच्या ट्रॉलीवर उभे राहिले आणि म्हणाले, चार महिने आठवड्याला तीनच दिवस काम मिळेल, माझा पगार या महिन्यापासून निम्मा केलाय, हिशेबनीस इथेच उभा आहे, त्याला विचारा. शिव्या खाल्ल्या त्यांनी त्या दिवशी. पण कायम नोकरीतला एकही माणूस सोडून गेला नाही. त्यांच्यानंतरच्या साहेबांनी ओव्हरटाइम बंद केल्याची नोटीस रात्री लावली आणि सकाळी ते पुण्याला मीटिंगला गेले. पुढची तीन वर्षं त्यांच्या खऱ्या बोलण्यातही आम्ही खोट शोधत होतो.

तुमचाच धंदा घ्या. पीसला बर (कडेला राहिलेली धारदार कोर) यायला लागली की चांगला सेटर प्रेस थांबवतो. तुम्हाला 3 तारखेला बर दिसली होती आणि तुम्ही प्रेस चालू ठेवली. काकांना राग पगाराचा नाही. त्यांनी सरळ विचारलं होतं, त्याचा आहे. आधी त्यांच्याकडे जा, मग बाकीच्यांकडे.

द्राक्षबाग_दिंडोरी

आमच्याकडे बाहेरचा व्यापारी बांधावर येतो, गोड बोलतो, माल तोडून नेतो आणि कधी कधी पैसे न देताच गायब होतो. म्हणून शेतकरी माणसाचं बोलणं ऐकत नाही, मागच्या हंगामात त्याने कोणाचे किती दिले ते विचारतो.

2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला. या भागातल्या निर्यातदारांचं कंबरडं मोडलं. विलास शिंदे त्यांतलेच एक, पण त्यांनी तो तोटा शेतकऱ्यांच्या गळ्यात घातला नाही. पुढे त्यांची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहताना लोक आपला माल घेऊन त्यांच्यामागे गेले, त्याला माझ्या मते हे मोठं कारण आहे. आज मोहाडीला कोल्ड स्टोरेज, प्रक्रिया सगळं दिसतं, पण विश्वास त्याच्या आधीचा.

ताई, तो एसी काढून टाकू नका, तो देखावा वाटेल. पुढच्या वेळी पैसे कमी पडले तर स्वतःचा पगार सगळ्यांच्या शेवटी घ्या आणि ते लपवू नका.

हिशेब_सिडको

मी छोट्या कारखान्यांचे हिशेब बघतो. सत्यम या आयटी कंपनीला सप्टेंबर 2008 मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला आणि 7 जानेवारी 2009 ला त्यांच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून हजारो कोटींचे आकडे खोटे असल्याचं कबूल केलं. त्यांनीही तिमाहीमागून तिमाही फरक वाढू दिला, पुढे भरून निघेल या आशेवर. तुमचे बारा दिवस त्या मानाने काहीच नाहीत, पण "दोन दिवसांत जमेल" हा विचार त्याच जातीचा आहे. आत्ता कळलं ते बरं झालं.

उलट उदाहरण 1982 चं. शिकागोत कोणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, सात माणसं गेली. चूक कंपनीची नव्हती, तरी ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत घेतल्या. वर्षभरात गिऱ्हाईक बऱ्याच अंशी परत आलं.

आणि एक कामाचं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) असेल तर 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, उशिरावर चक्रवाढ व्याज. गिऱ्हाईक दुखावण्याच्या भीतीने कोणी दावा लावत नाही, मला माहीत आहे. निदान बिलावर तारीख आणि हे कलम छापायला लागा.

प्रेसशॉप_अंबड (नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. टूलरूमवाल्या काकांनी सांगितलं तसं आधी सेटरकाकांकडे गेले. म्हटलं, "काका, 3 तारखेला मला माहीत होतं आणि मी तुमच्याशी खोटं बोलले." ते हात पुसत राहिले, बोलले काहीच नाहीत.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं: गिऱ्हाइकाकडे अजून 23 लाख अडकलेत, कर्जाचा हप्ता इतका, पगाराला इतके लागतात. आकडे फळ्यावर लिहिले. एकाने विचारलं, दिवाळीच्या बोनसचं काय? म्हटलं, आज माहीत नाही, 1 ऑक्टोबरला याच फळ्यावर लिहीन, जे असेल ते. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. डबे बंद करून उठले.

चारच्या सुमाराला काका ऑफिसच्या दारात आले. म्हणाले, "ताई, 4 नंबर प्रेसचा क्लच सरकतोय. तीन आठवडे झाले. एखाद्याची बोटं जातील." तीन आठवडे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. प्रेस तेव्हाच बंद केली. आज क्लच उघडलाय, काका आणि मी दोघंही तिथेच आहोत.