घर भाड्याने मिळेल का? नाव सांगण्याआधीचे आणि नंतरचे अनुभव

रानजाई:
भाची पुण्यात नोकरीला लागलीय, घर शोधतेय. परवा फोनवर वैतागून म्हणाली, "मावशी, ब्रोकर बजेट नंतर विचारतो, आधी रूममेटचं नाव." रूममेट मुसलमान आहे, दोघी कॉलेजपासून एकत्र राहतात. भाचीला एकटीला दाखवलेला फ्लॅट, दोघींची नावं कळल्यावर मिळेना. मालकांच्या मुलाचं म्हणे अचानक लग्न ठरलं.

मला हसूच आलं. हाच मुलगा आमच्या वेळीही लग्न करत होता. ठाण्यात घर शोधत होतो, मोठा लेक कडेवर. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, पुढे कर. ब्रोकरला त्यातून काही कळेना. मग विचारतो, कुलदैवत कोणतं? मिस्टरांनी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध, हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लागेल, खिळा ठोकायची परवानगी हवी. दुसऱ्या दिवशी डिपॉझिट दुप्पट झालं होतं.
तुमचेही लिहा. राजकारण नको, अनुभव हवेत.

तिखटमीठ:
कुलदैवत!! आम्हाला गोत्र विचारलं होतं. नवऱ्याने "माहीत नाही, उद्या सांगतो" म्हटल्यावर ब्रोकरचा विश्वासच उडाला.
मुंबईत आम्हाला 'प्युअर व्हेज' बिल्डिंगने नाकारलं. जन्म गिरगावातला, तरी त्याच शहरात आपण बाहेरचे. सेक्रेटरी फार गोड बोलले हो, चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाले, तुम्ही चांगली माणसं आहात पण सुकटीचा वास लिफ्टमध्ये राहतो. मुलगा शाळेतून आला, बाकी नंतर.

अर्धवटराव:
वाचतोय. सुकट कुठून आणता?

कोकणकन्या_मुंब्रा:
मी पलीकडच्या बाजूची. माहेर रत्नागिरी, मुसलमान, मराठी माध्यमात शिकलेली. फोनवर माझं मराठी ऐकून मालकीणबाई खूश व्हायच्या, ताई कधी येताय बघायला वगैरे. नाव सांगितलं की त्यांच्याकडचं नेटवर्क जायचं. एकीला मी मुद्दाम परत फोन केला, परत गेलं.

शेवटी मुंब्र्यात आलो. ९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबं इकडे आली, गाव बघता बघता वाढलं. आता ऑफिसात विचारतात, तुम्ही लोक सगळे एकाच ठिकाणी का राहता? अहो, दुसरीकडची चावी द्या, उद्या टेम्पो बोलावते.

मला खरं वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. माझ्या वर्गात सगळ्या जातीधर्माच्या मुली होत्या, 'सुखकर्ता' मला अजून पाठ आहे, ईदला अर्धा वर्ग आमच्या ओट्यावर असायचा. माझ्या लेकीला दहावीपर्यंत एकही हिंदू मैत्रीण नव्हती. मी काही शिकवलं नाही तसं, आजूबाजूला कुणी नव्हतंच. अकरावीला ठाण्याच्या कॉलेजात गेली तेव्हा पहिल्या आठवड्यात विचारते, अम्मी, यांच्या घरी गेलं तर काय घेऊन जायचं असतं?

रानजाई:
कोकणकन्या, काय बोलू. उलट बाजूने आमच्या सोसायटीतल्या मुलांचंही तेच. ईद म्हणजे सुट्टी, एवढंच माहीत.

कलमदान:
कोर्टाच्या लंच ब्रेकमध्ये टाइप करतोय, चुका समजून घ्या. घटनेच्या कलम १५(१) ने भेदभाव करायला मनाई आहे ती सरकारला. १५(२) पुढे जातं, त्यात दुकानं, हॉटेलं, विहिरी, घाट, रस्ते आहेत. कुणाच्या मालकीचा फ्लॅट त्यात लिहिलेला नाही. शिवाय २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा 'सभासद फक्त पारशीच' हा नियम वैध धरला. संघटना करायचं स्वातंत्र्य, हा मुद्दा. मला तो निकाल पटत नाही, पण क्लायंटला सांगावा लागतो. पुकारा झाला, पळतो.

सदाशिव_३०२:
मी घरमालक आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मला स्वतःला कुणीही चालतं. पण सोसायटीत बाकीच्यांना चालत नाही. उद्या पार्किंगवरून भांडण झालं तरी ते वेगळ्याच वळणावर जातं. निवृत्त माणसाने कुठे निस्तरत बसायचं?

तिखटमीठ:
काका, हे 'बाकीचे' नक्की कोण? आमच्याकडेही सेक्रेटरी म्हणायचे, मला चालतं हो, बाकीच्यांना चालत नाही. मी लिफ्टमध्ये एकेकाला विचारलं. सगळ्यांना चालत होतं! एक आजी तर म्हणाल्या, सुकट करशील तेव्हा वाटीभर दे.

सदाशिव_३०२:
विचारून बघतो. गॅरंटी नाही. (आणि आजी ग्रेट आहेत.)

पूर्वेकडची_वाट:
सिंगापूरहून. इथे बहुतेक लोक सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये राहतात, आणि १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये वांशिक कोटा आहे. एका ब्लॉकमध्ये भारतीय व इतर मिळून जास्तीत जास्त १५%. त्यामुळे माझ्या मजल्यावर चिनी, मलय, तमिळ सगळे. खाली मोकळ्या जागेत एका शनिवारी मलय लग्न, पुढच्याला चिनी अंत्यसंस्कार.
आदर्श वाटतं ना? पण चिनी कोटा भरलेल्या ब्लॉकमधल्या अल्पसंख्य मालकाला घर विकायला गिऱ्हाईक कमी मिळतं, कारण ते चिनी चालत नाही. त्यात भाव पडतो. आणि भाड्याने घर शोधताना 'नो इंडियन्स' हे आम्हीही वाचलंय. मुंबईत ब्राह्मण म्हणून लगेच घर मिळालेला माझा नवरा ते वाचून दोन मिनिटं गप्प होता. मला थोडी मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

यंत्रमाग:
वडील भिवंडीत कारखान्यात हिशेब लिहायचे. १९८४ च्या दंगलीत आम्ही मामाकडे कल्याणला. नंतर १९८८ ला पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या काढल्या, दोन्हीकडची माणसं आणि गल्लीतले पोलीस एकत्र. वडील जायचे. घरी येऊन सांगायचे की आज अर्धा तास गटारावर बोललो, उरलेला वेळ कुणाच्या तरी नळावर. आई म्हणायची, यासाठी पोलीस कशाला हवेत? डिसेंबर ९२ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. एवढं एकच कारण होतं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याशी गटारावरून हुज्जत घातलीय त्याचं नाव-गाव तरी माहीत असतं.

ढोलताशा_भक्त:
२०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबर. मुसलमान मंडळींनी मुंबईतला ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढला, सरकारने सुट्टीही २९ ला केली. आमच्या मंडळाने त्या दिवशी पाणीवाटप केलं. सगळे घसा बसलेले, कुणाला धड बोलता येत नव्हतं. घराच्या विषयावर अनुभव नाही, आईबाबांकडेच राहतो, फुकट.

अर्धवटराव:
फुकट! आईबाबा आडनाव विचारतात का?
सुकटीचं कुणी सांगितलं नाही अजून.

कोकणकन्या_मुंब्रा:
अर्धवटराव, हर्णैची घ्या, मे महिन्यात भरून ठेवायची. यंत्रमाग, तुमच्या वडिलांना आणखी काही आठवत असेल तर लिहा ना.

यंत्रमाग:
रविवारी विचारतो. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे अख्ख्या चाळीला कळेल.

रानजाई:
भाचीचा आत्ताच मेसेज. हडपसरकडे एक घर बघितलं. मालकीणबाईंनी दोघींची नावं ऐकली, काही बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, मांजर आहे का? आहे.

तिखटमीठ:
मग गेलं ते घर.

सदाशिव_३०२:
मांजर माझ्याकडे चालेल. सोसायटीत बाकीच्यांना विचारावं लागेल.