थाई ‘सीन’ आणि आपलं ‘शील’

थाई मजकुराचा अनुवाद करताना एका शब्दाशी अडले आहे. पंचशीलाला, म्हणजे बौद्धांच्या पाच नैतिक व्रतांना, थाईत ‘सीन हा’ म्हणतात. ‘हा’ म्हणजे पाच. लिहिताना अक्षरं ‘शील’चीच, पण शब्दाच्या शेवटचा ल तिथे न होतो. नीतिमत्तेला ‘सीनलाथाम’, म्हणजे शीलधर्म. त्यात मात्र ल परत ऐकू येतो. अडचण अशी की थाई माणूस सीन ‘मागतो’, ‘राखतो’, ‘मोडतो’. मराठीत शील मागता येत नाही. मग ‘नियम’ लिहू का?

*

‘नियम’ नको, ताई. आणि मराठीत शील मागता येत नाही हे खरं नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हापासून आपल्या लाखो घरांत ‘पंचशील घेतलं’ हे रोजचं मराठी आहे. विहारात आधी याचना होते, मग ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’, म्हणजे जीवहिंसेपासून दूर राहण्याचं शील मी घेतो. बँकॉकच्या वाटात, म्हणजे विहारात, हीच पाली ओळ थाई उच्चारात म्हणतात. बाकीच्या मराठीने ‘शील’ बाईच्या अब्रूपुरतं उरवलं, शीलभ्रष्ट, शीलरक्षण वगैरे; त्याचं मला फार वाईट वाटतं. पण शब्दाचा मोठा अर्थ मेलेला नाही. तो आपल्याच शेजारच्या घरात बोलला जातो.

थाई याचनेत पुष्कळदा ‘विसुं विसुं रक्खणत्थाय’ असे शब्द येतात: एकेक शील वेगवेगळं राखण्यासाठी. समजूत अशी की एक मोडलं तरी उरलेली चार शाबूत राहतात. दारू प्यायलेल्या माणसाचंही खोटं न बोलण्याचं शील टिकून असतं. ‘शीलवान’ आणि ‘शीलभ्रष्ट’ अशी दोनच खाती पाडणाऱ्या आपल्या बोलण्यात ही सोय नाही.

या मागण्याला थाईत ‘आराथना सीन’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपली ‘आराधना’, पण अर्थ पूजेचा नाही, विनंतीचा. तिथे फसू नका.

*

आणि ताई, फसवणारा आणखी एक शब्द ‘सोंगसान’. मूळ ‘संसार’, थाईत अर्थ कणव, दया येणे. आपण संसार थाटतो, ते सोंगसान करतात. जन्ममरणाच्या फेऱ्याला मात्र ते ‘सांगसारावात’ असा वेगळा शब्द वापरतात.

*

पटलं. ‘शील घेतलं’ असंच लिहिते. आता शेवटचं: ‘कातान्यू कातावेथी’. मुलगा काही आठवडे किंवा वर्षावासाचे, म्हणजे भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहतात ते, तीन महिने चीवर घेतो, म्हणजे भिक्षू होतो, आईवडिलांना पुण्य लाभावं म्हणून. त्या संदर्भात आलंय. ‘कृतज्ञता’ लिहिलं तर अपुरं वाटतं.

*

अपुरंच आहे. पालीत ते दोन शब्द आहेत: कतञ्ञू म्हणजे केलेलं जाणणारा, कतवेदी म्हणजे ते कृतीतून दाखवणारा, परत करणारा. ‘कृतज्ञ’ पहिल्यापाशीच थांबतो. दुसऱ्यासाठी ‘उतराई होणे’ घ्या. ‘आईवडिलांचं ऋण जाणून उतराई होण्यासाठी त्याने चीवर घेतलं.’