कन्या राशीतल्या दीर्घिका नुसत्या गोळ्यांसारख्या का दिसतात?

मानेवाडा_आकाश: एप्रिलमध्ये पेंचला गेलो होतो. आठ इंची दुर्बिणीतून मार्केरियनची साखळी, म्हणजे कन्या समूहातली दीर्घिकांची रांग, पाहिली. एम८४, एम८६ दोन्ही पुसट गोळे, सर्पिल फाटा एकालाही नाही. समूहातल्या सर्पिल दीर्घिका, म्हणजे फिरकीसारखे फाटे असलेल्या चपट्या तबकड्या, जातात कुठं? म्हातारपणी सगळ्यांचंच असं होतं का?

धरमपेठचा_मास्तर: आठ इंचीत फाटे तसेही अवघडच, पण या दोघींना ते नाहीतच. वयापेक्षा शेजार महत्त्वाचा. खगोलशास्त्रज्ञ ॲलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये दीर्घिकांचे ५५ समूह तपासून दाखवलं, की गर्दी जितकी जास्त तितक्या सर्पिल कमी.

समूहात दीर्घिकांच्या मधे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो. सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगानं दीर्घिका त्यात शिरली, की तिचा स्वतःचा थंड वायू मागं उडून जातो. तारे जागेवरच राहतात. पण वायूच नाही तर नवे तारे कशाचे होणार? निळे तारे अल्पायुषी, ते आधी विझतात आणि लालसर तबकडी उरते. एम८६ बघा: कन्या समूह आपल्यापासून दूर जातोय, तरी ही सेकंदाला सुमारे २४४ किलोमीटरनं आपल्याकडे येतेय. इतक्या जोरात ती समूहातून धावतेय, आणि क्ष-किरणांत तिच्या वायूची लांब शेपटी दिसते. तिच्या शेजारची सर्पिल एनजीसी ४४०२ सध्या अशीच सोलली जातेय.

मानेवाडा_आकाश: म्हणजे सर्पिलचीच लंबवर्तुळाकार, म्हणजे तबकडी नसलेली अंडाकृती दीर्घिका, होते ना?

धरमपेठचा_मास्तर: नाही, इथंच बहुतेकांची गफलत होते. वायू गेला तरी तबकडी ती तबकडीच. तिला भिंगाकार दीर्घिका म्हणतात. लंबवर्तुळाकार व्हायला दोन दीर्घिका एकमेकींत मिसळाव्या लागतात, आणि समूहात त्या इतक्या वेगानं एकमेकींजवळून जातात की मिसळणं जमत नाही. ते बहुतेक आधीच, लहान गटांत उरकलेलं असतं. मग असे गट एकत्र येऊन समूह वाढतो. कन्या समूहाच्या मधोमध बसलेली एम८७ वेगळी, ती लहान दीर्घिका गिळत मोठी झाली.

उमरेडरोडवाला: सर, हे असं होऊन राहिलं याचा पुरावा काय? आपण तर एकच क्षण पाहतो.

धरमपेठचा_मास्तर: फार चांगला प्रश्न. जितकं दूर पाहू तितका जुना काळ दिसतो. बुचर आणि एमलर या खगोलशास्त्रज्ञांना १९७८ मध्ये दूरच्या समूहांत आजच्यापेक्षा बऱ्याच जास्त निळ्या दीर्घिका सापडल्या. तो प्रकाश सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. पुढे हबल अवकाश दुर्बिणीनं असे समूह बारकाईनं टिपले, तेव्हा सर्पिल जास्त आणि भिंगाकार कमी निघाल्या. लंबवर्तुळाकार मात्र तेव्हाही भरपूर होत्या.