जुन्या यंत्रमानवांचे ४८ गोल
नवे, महागडे यंत्रमानव असल्याखेरीज विद्यापीठाच्या संघाचा रोबोकपमध्ये, म्हणजे यंत्रमानवांच्या फुटबॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या जागतिक स्पर्धेत, निभाव लागत नाही, असे काही जण म्हणतात; मला हे मत पटत नाही. २०१५ साली चीनमधील हेफेई येथे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा सीएमड्रॅगन्स संघ छोट्या यंत्रमानवांच्या गटात उतरला, तेव्हा त्याचे यंत्रमानव २००६ सालच्या बांधणीचे होते. तरीही सहाही सामने जिंकताना त्याने ४८ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. या गटात मैदानाच्या वर टांगलेल्या कॅमेऱ्यांची माहिती दोन्ही संघांना सारखीच मिळते आणि निर्णय मैदानाबाहेरचा संगणक घेतो, त्यामुळे खरा कस लागतो तो प्रोग्रॅमचा. या संघातला चेंडू जवळ नसलेला यंत्रमानव पास निघण्याच्या सुमारासच मोकळ्या जागेकडे धावे, हे तर मला फारच विलोभनीय वाटते.