व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स: दोन्हीकडे इंग्रजच, मग समाज इतके वेगळे कसे?

पडवीतला:
अमेरिकेतल्या इंग्रज वसाहती दोन: दक्षिणेला व्हर्जिनियातलं जेम्सटाउन १६०७चं, उत्तरेला आजच्या मॅसॅच्युसेट्समधलं प्लिमथ १६२०चं. भाषा एक, राजा एक. तरी शंभरेक वर्षांत एकीकडे गावसभा नि शाळा, दुसरीकडे मळे नि गुलाम. जिथे बघावं तिथे ‘उत्तरेत धर्म, दक्षिणेत पैसा’ एवढ्यावरच बोळवण केलेली दिसते. खरंच तेवढंच आहे का?

कोरडवाहू:
धर्म राहू दे, आधी तंबाखू बघा. हिवाळा सरता सरता वाफ्यात बी टाकायचं, मे महिन्यात पाऊस पडला की रोपं लावायची. मग शेंडे खुडणं, फुटवे काढणं, अळ्या वेचणं. ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी, पुढे पाच-सहा आठवडे कोठारात टांगून सुकवणं. रानात झाडांची खोडं तशीच, त्यामुळे नांगर नाही, कुदळ. जितके हात तितका माल. शिवाय तीन-चार वर्षांत जमीन दमते, की तोडा पुढचं रान. पिंपं मळ्याच्याच धक्क्यावरून जहाजात चढायची, म्हणून वस्ती नदीकाठाने मैलोन् मैल विखुरलेली. बाजारपेठ उभी राहायची गरजच पडली नाही. शाळा काढणार कुठे?

सातबारा:
जमीनवाटपाचा नियमही धरा. १६१८पासून व्हर्जिनियात माणूस आणला की पन्नास एकर, पण ती त्याचं जहाजाचं भाडं भरणाऱ्याला. आलेला गडी चार ते सात वर्षं करारात अडकलेला, आपल्या गिरमिटियांसारखा. १६३०च्या दशकात येणाऱ्यांत एका बाईमागे साधारण सहा पुरुष. त्यातले कितीतरी हिवताप-हगवणीने करार संपायच्या आतच गेले. घरंच बसली नाहीत.

न्यू इंग्लंडला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या उत्तरेकडच्या वसाहतींत, त्याच दशकात वीसेक हजार लोक आले, ते बहुतांशी बायकापोरांसकट. मॅसॅच्युसेट्सने जमीन सहसा गावाच्या नावे दिली, गावाने ती घरोघर वाटली. १६४७चा कायदा: पन्नास घरं झाली की लिहाय-वाचायला शिकवणारा मास्तर, शंभर झाली की ग्रामर स्कूल (लॅटिन शिकवणारी वरची शाळा), नाहीतर पाच पौंड दंड. बायबल वाचता यावं म्हणून कायदा झाला हे खरं, पण घरं हाकेच्या अंतरावर होती म्हणून तो राबवता तरी आला.

उलटतपासणी:
दोन्ही पटलं, पण तंबाखूबरोबर गुलामगिरी आपसूक आली असं वाटायला नको. पहिले आफ्रिकी १६१९लाच आले. तरी १६७१चा व्हर्जिनियाच्या गव्हर्नर बर्कलीचा हिशेब बघा: वस्ती चाळीस हजार, करारी नोकर सहा हजार, गुलाम दोन हजार. त्यानंतर इंग्लंडहून मजूर कमी येऊ लागले, आणि मृत्यू घटल्यावर माणूस जन्मभरासाठी विकत घेणं मळेवाल्याला परवडू लागलं. कायदा आधीच तयार होता: १६६२पासून मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे गुलाम बाईचं पोर गुलामच. त्यात १६७६ला बेकन नावाच्या मळेवाल्याने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात करार संपलेल्या गोऱ्या मजुरांनीही हत्यारं उचलली, जेम्सटाउन जाळलं. गोरे मजूर आता धोक्याचे वाटू लागले.

आणि उत्तरेला फार सोवळं समजू नका. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१च्या कायद्यातही गुलामगिरीला वाट ठेवलेली आहे. न्यू इंग्लंडचा सुकवलेला कॉड मासा दोन वाटांनी जायचा: चांगला स्पेन-पोर्तुगालला, तुटकाफुटका वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवर, गुलामांच्या पोटाला.