खाऱ्या पाण्याचा टँक केवढा घ्यावा? 2 फुटी, 3 फुटी की 4 फुटी?

भरतीओहोटी
ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलच्या एका भिंतीला सव्वाचार फूट जागा रिकामी आहे. गोड्या पाण्याचे मासे पाळलेत, खाऱ्याची ही पहिलीच वेळ. क्लाउनफिशची जोडी, एक ब्लू टँग, एखादा पिवळा टँग आणि जमले तर सीहॉर्स, अशी यादी आहे. दुकानदार म्हणतो 2×1×1 फूट पुरेल, "मासे टँकच्या मापानेच वाढतात". नेटवर इंचाला अमुक लिटर असे हिशेब दिसतात. नक्की कशावरून ठरवायचे? स्लॅबवर वजन किती येईल तेही सांगा. प्रवाळ सध्या नको, फक्त मासे.

खारवी
मासा टँकच्या मापाने वाढत नाही. कोंडला की खुरटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो. दुकानदाराचे ते वाक्य विसरा.

इंचाला लिटरचा हिशेबही खाऱ्या पाण्यात फसवा आहे. 8 सेंमीची क्लाउन दिवसभर हातभर जागेत डोलत राहते. तेवढाच लहान टँग मात्र काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सतत पोहतो. त्यामुळे आधी माशांची यादी, मग प्रत्येकाची पूर्ण वाढीची लांबी आणि पोहण्याची सवय, आणि सगळ्यात शेवटी टँक. लिटरच्या आधी लांबी-रुंदी बघा. उंची फक्त काच महाग करते.

तुमच्या यादीबद्दल:

क्लाउन (ऑसेलॅरिस): 8-9 सेंमी. 80 लिटरपासून पुढे जोडी सुखाने राहते.

ब्लू टँग: दुकानात दोन इंचाचा दिसतो, वाढून 30 सेंमीपर्यंत जातो. 6×2×2 फूट, म्हणजे साधारण 680 लिटर, त्याखाली नको. "आत्ता छोटा घेतो, पुढे मोठा टँक करतो" हे बहुतेक वेळा होत नाही.

पिवळा टँग: 20 सेंमी. 4×2 फुटाचा तळ असेल तर ठीक, दीड फूट रुंदीत वळायलाही अडचण होते.

सीहॉर्स: हा प्रश्न टँकचा नाहीच. सीहॉर्सला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, घरी ठेवणे गुन्हा आहे. कठीण प्रवाळालाही त्याच कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून "लाइव्ह रॉक" (समुद्रातून आणलेला, जिवाणू वसलेला खडक) म्हणून प्रवाळाचे तुकडे कोणी देऊ केले तर हात लावू नका, सिरॅमिकचे किंवा कृत्रिम खडक घ्या.

तुमच्या भिंतीला 4×1.5×1.5 फूट घ्या. हिशेब सोपा आहे: घनफूट गुणिले 28.3. इथे 9 घनफूट, म्हणजे 255 लिटर. वाळू, खडक आणि वरची रिकामी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी 205 लिटरच्या आसपास. औषधाचा डोस नेहमी या दुसऱ्या आकड्यावर काढा.

मीठभाकर
खारवींशी सहमत. एक भर घालतो, कारण "मोठा टँक म्हणजे खारटपणा स्थिर" हे सगळेच म्हणतात आणि ते अर्धेच खरे आहे.

बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते आणि मीठ मागेच राहते. 2×1×1 मध्ये खरे पाणी साधारण 45 लिटर. उन्हाळ्यात पंखा लावून रोज दीड लिटर उडाले आणि तीन दिवस भर घातली नाही, तर खारटपणा 35 पीपीटीवरून (हजार भागांत 35 भाग क्षार) 39 वर जातो. 4×1.5 चा पृष्ठभाग तिप्पट, म्हणजे तिथून रोज साडेचार लिटर उडणार. 205 लिटरमध्ये तीन दिवसांनी साडेसदतीस. फरक आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही. ऑटो टॉप-अप (उडालेले पाणी आपोआप भरणारा पंप) दोन्हीकडे लागतोच, आणि त्यात आरओचे गोडे पाणी घालायचे, मिठाचे नाही. ही चूक फार होते.

मोठ्या टँकचा खरा फायदा अमोनियात दिसतो. खडकामागे एक मासा मेला आणि दोन दिवस कळले नाही, तर 45 लिटरमध्ये बाकीचेही जातात. 205 लिटरमध्ये निदान पाणी बदलायला वेळ मिळतो. वीज गेल्यावर ऑक्सिजनचेही तेच, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप पहिल्या दिवसापासून घरात ठेवा.

भरतीओहोटी
सीहॉर्सचे माहीत नव्हते, धन्यवाद. यादीतून काढला. मग 4 फुटात टँगचा हट्ट सोडावा का? आणि 3 फुटी घेतला तर स्वस्त पडेल ना?

खारवी
3×1.5×1.5 म्हणजे 191 लिटर. काच थोडी स्वस्त होईल, पण स्किमर (फेसातून घाण काढणारा), पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायला), आरओ, चिलर (पाणी थंड करायला) हा खरा खर्च जवळपास तेवढाच राहतो. जागा असताना एक फूट सोडू नका.

टँगच हवा असेल तर कोले टँग बघा. 18 सेंमीपर्यंत जातो आणि खडकावरचे शेवाळ खरवडत बसतो, त्यामुळे 4 फुटात निभतो. मात्र तो टँक चार-सहा महिने जुना झाल्यावरच आणा. बाकी क्लाउनची जोडी, एक फायरफिश, एक लॉनमोअर ब्लेनी, एक छोटी गोबी. एवढ्यावर थांबा. फायरफिश उडी मारते, वर जाळी हवीच. भित्रे मासे आधी सोडा आणि क्लाउन शेवटी, नाहीतर त्या आख्खा टँक आपला समजतात.

क्लाउन शक्यतो समुद्रातून पकडलेल्या नाही, टँकमधल्या पैदाशीच्याच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र केव्हाच बसवले आहे. असे मासे कोरडे खाद्य लगेच धरतात.

दुकानात दिसणाऱ्या तीन पिल्लांपासून लांब राहा. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला पँथर ग्रूपर अर्ध्या मीटरच्या पुढे जातो आणि क्लाउन गिळतो. बॅटफिशला दोन फूट उंचीही पुरत नाही. डोमिनो डॅमसेल स्वस्त म्हणून "सायकलिंगला" गळ्यात मारतात, मग मोठा झाला की बाकीच्यांना जगू देत नाही. सायकलिंग म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढू देणे, त्याला मासा लागतच नाही. अमोनियम क्लोराइड किंवा चिमूटभर खाद्य घाला, अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत चार-सहा आठवडे थांबा.

बीमकॉलम
वजनाचे बघू. पाणी 205 लिटर गुणिले 1.025 (खाऱ्या पाण्याची घनता) म्हणजे 210 किलो. 10 मिमी काचेचा टँक 50, खडक आणि वाळू मिळून 45-50, स्टँड 40, खालचा सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) पाण्यासह 70. एकूण सव्वाचारशे किलोच्या आसपास, तेही 6 चौरस फुटांवर.

राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आयएस 875 या भारतीय मानकात चौरस मीटरला 200 किलो चलभार (माणसे, सामान यांचे वजन) धरतात. तुमच्या टँकखाली तो आकडा ओलांडला जातो. पण तो भार सगळ्या खोलीभर धरलेला असतो, त्यामुळे एका कोपऱ्यातला टँक म्हणजे लगेच धोका असे नाही. टँक कुठे ठेवता यावर बरेच अवलंबून आहे: खाली बीम असलेल्या भिंतीला चिकटून, कॉलमजवळ. स्लॅबच्या मध्यावर किंवा बाल्कनीत अजिबात नाही. इमारत जुनी असेल, सळया दिसत असतील किंवा गळती असेल, तर टँक भरण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. स्टँडला चार टोकदार पायांऐवजी खाली सलग चौकट घ्या.

मीठभाकर
सम्पचे माप वीज गेल्यावर कळते. पंप बंद झाला की ओव्हरफ्लोच्या (जिथून टँकचे पाणी सम्पमध्ये उतरते त्या तोंडाच्या) पातळीपर्यंतचे पाणी खाली येते. एक इंच धरले तरी तुमच्या टँकमधून 14 लिटर, पाइपातले वेगळे. 2.5×1×1.25 फुटाचा सम्प (88 लिटर) निम्माच भरा म्हणजे मावेल. रिटर्न पाइपाचे (सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या) तोंड टँकच्या पाण्यात खोल असेल तर उलटा सायफन लागून हॉलमध्ये तळे होते. सायफन तुटावा म्हणून पाइपाला वर पाडलेले छोटे भोक शेवाळाने बुजते, त्यावर भिस्त नको, तोंडच वर ठेवा. टँक भरल्यावर पंप मुद्दाम बंद करून बघा.

ठाण्यात अजून एक. कोरड्या हवेत पंखा पाणी 2-3 अंश खाली आणतो, दमट हवेत तेवढे जमत नाही. पाणी 25-26 अंशांवर हवे, मे महिन्यात ते 32 च्या वर जाईल. चिलरची जागा आत्ताच धरा आणि तो बंद कपाटात कोंडू नका, स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो.

कोळंबी_नॅनो
सगळे 4 फुटावर तुटून पडलेत, म्हणून दुसरी बाजू. वजन किंवा पैशाने अडत असेल तर 2×1.5×1.5 फूट, 127 लिटर. त्यात क्लाउनची जोडी, एक गोबी, एक क्लीनर श्रिंप, बस्स. ऑटो टॉप-अप हवाच, आणि आठवड्याला 10 टक्के पाणी बदल चुकवायचा नाही. टँग कुठलाच नाही. 2×1×1 मात्र मीही सांगणार नाही.

भरतीओहोटी
4×1.5×1.5, 10 मिमी, खाली सम्प, टँग नंतर. भिंतीखाली बीम आहे, नकाशात पाहिले. पाणी जुहूवरून आणले तर मिठाचा खर्च वाचेल का?

खारवी
नको. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असते आणि पावसाळ्यात खारटपणा कोसळतो. आरओच्या पाण्यात लिटरला 36-38 ग्रॅम मरीन सॉल्ट, रात्रभर पॉवरहेडने ढवळून, रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 बघून मगच घाला. आठवड्याचे 20 लिटर बदलायला पाऊण किलो मीठ लागेल. आयोडीनयुक्त स्वयंपाकाचे नाही, हे दर वेळी कोणीतरी विचारतेच.